क्रेडिट म्हणजे काय? क्रेडिटचा मराठी अर्थ आणि रोजच्या वापरातील उदाहरणे

सकाळी मोबाईलवर मेसेज येतो, "रुपये ५,००० क्रेडिटेड". आपण खूश होतो. दुपारी दुसरा मेसेज येतो, तो असतो क्रेडिट कार्डाच्या बिलाचा. शब्द एकच, पण पहिल्या मेसेजात पैसे आले आणि दुसऱ्यात पैसे द्यायचे आहेत. मग क्रेडिटचा खरा अर्थ काय? आजच्या लेखात हेच सोप्या भाषेत समजून घेऊया.

क्रेडिट शब्द कुठून आला?

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'क्रेडेरे' म्हणजे विश्वास ठेवणे. मराठीत यासाठी फार चांगला शब्द आहे, 'पत'. "बाजारात त्याची पत आहे" म्हणजे लोक त्याला विश्वासाने उधार देतात. आपल्या गावातील पतसंस्थेला इंग्रजीत क्रेडिट सोसायटी म्हणतात, ते यामुळेच. क्रेडिटचे सगळे अर्थ या विश्वासाभोवती फिरतात.

१) बँकेत क्रेडिट म्हणजे जमा

बचत खात्याच्या बाबतीत क्रेडिट म्हणजे पैसे जमा झाले आणि डेबिट म्हणजे पैसे खर्ची पडले. जुन्या हिशेबाच्या वहीत यालाच 'जमा' आणि 'नावे' म्हणत. पासबुकावर 'सीआर' दिसले तर क्रेडिट, 'डीआर' दिसले तर डेबिट.

उदाहरण: "माझा पगार आज क्रेडिट झाला."

२) क्रेडिट म्हणजे उधारी

"दुकानदाराने माल क्रेडिटवर दिला" म्हणजे उधारीवर दिला. क्रेडिट कार्डही असेच आहे. डेबिट कार्डाने आपल्याच खात्यातले पैसे जातात, क्रेडिट कार्डाने मात्र बँकेचे पैसे खर्च होतात. खरेदीचे संपूर्ण बिल मुदतीत भरले तर सहसा व्याज लागत नाही. पण फक्त 'मिनिमम ड्यू' भरले, तर उरलेल्या रकमेवर भरमसाट व्याज चढते. कार्ड वापरून एटीएममधून रोख काढली तर सहसा पहिल्या दिवसापासूनच व्याज सुरू होते.

शेतकऱ्यांसाठी १९९८ मध्ये सुरू झालेले किसान क्रेडिट कार्डही कर्जाचेच आहे. नावात कार्ड असले तरी घेतलेले पैसे परत करायचे असतात.

३) क्रेडिट स्कोअर म्हणजे पतीचा आकडा

तुम्ही आजवर कर्जाचे हप्ते आणि कार्डाची बिले वेळेवर भरली का, यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा ठरतो. तोच क्रेडिट स्कोअर. आपल्याकडे बोलताना सरसकट "सिबिल किती आहे?" असे विचारतात. खरे तर सिबिल हे स्कोअर देणाऱ्या एका कंपनीचे नाव आहे. भारतात अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल मोफत मिळतो.

४) क्रेडिट म्हणजे श्रेय

"या यशाचे क्रेडिट आईला जाते." येथे पैशाचा संबंध नाही, श्रेयाचा आहे. चित्रपटाच्या शेवटी येणाऱ्या नावांनाही क्रेडिट्स म्हणतात, मराठीत श्रेयनामावली.

सोशल मीडियावर कुणाचा फोटो किंवा कविता टाकताना आपण "क्रेडिट" किंवा "साभार" लिहितो. नाव खोडून "लेखक अज्ञात" म्हणून पुढे पाठवण्यापेक्षा हे नक्कीच चांगले. पण लक्षात ठेवा, क्रेडिट दिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. शक्य असेल तिथे आधी विचारावे.

५) कॉलेजमधील क्रेडिट

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हा शब्द प्रत्येक पदवीच्या विद्यार्थ्याच्या तोंडी आहे. येथे क्रेडिट म्हणजे अभ्यासाला दिलेल्या तासांचे मोजमाप. साधारणपणे एका सत्रात १५ तास वर्गातील शिकवणे म्हणजे १ क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात.

सावधान! क्रेडिटच्या नावाने फसवणूक

अनोळखी माणसाचा फोन येतो, "दादा, चुकून तुमच्या खात्यात १०,००० क्रेडिट झाले, दवाखान्यासाठी हवे होते, लगेच परत पाठवा." मोबाईलवर तसा मेसेजही आलेला असतो. घाईत आपण पैसे पाठवतो आणि नंतर कळते, मेसेज खोटा होता. आईवडिलांना हे आवर्जून सांगा:

• मेसेजवर विश्वास ठेवू नका. बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात शिल्लक बघा.
• खरोखर पैसे आले असतील, तरी स्वतः परत न पाठवता आपल्या बँकेला कळवा.
• यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार आहेत.
• फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

थोडक्यात

क्रेडिट शब्द दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारा: येथे कोण कोणावर विश्वास ठेवत आहे? खात्यात जमा रक्कम म्हणजे तुम्ही विश्वासाने बँकेकडे ठेवलेले पैसे. कार्डावरचे क्रेडिट म्हणजे बँकेने विश्वासाने तुम्हाला दिलेले पैसे. पहिले तुमचे आहेत, दुसरे परत करायचे आहेत. एवढा फरक लक्षात राहिला तरी पुढचा मेसेज वाचताना गोंधळ होणार नाही.