ठाण्याचं मनोरुग्णालय : सरकारने पैसा भिंतींवर घातला की उपचारांवर?

"याला ठाण्याला न्यायला हवं!" बदलापूर-अंबरनाथकडे हे वाक्य अजूनही चेष्टेत ऐकू येतं. त्यामुळेच घरात कुणाला खरोखर मानसिक आजार झाला, की आपण डॉक्टरकडे जायला घाबरतो. ही भीती नुसती अज्ञानातून आलेली नाही, तिला इतिहास आहे.

मुंबईत कुलाब्याला 1826 पासून 'वेड्यांचं इस्पितळ' होतं. ठाण्याचं 1901 मध्ये सुरू झालं. शेठ नरोत्तमदास माधवदास यांचं नाव त्याला आहे, जुने लोक म्हणतात ते 'एन. एम.' तेच. अशा संस्थांना दानशूर शेटजींचा हातभार आणि पुढचा रोजचा खर्च सरकारचा, अशी तेव्हाची रीत होती. पण सरकार पैसे देत होतं ते मुख्यतः कशासाठी? उंच भिंती, कुलुपं, पहारा आणि दोन वेळचं जेवण. 1912 च्या कायद्यात नातेवाइकांनी अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा, अशी पद्धत होती. रुग्णाची मालमत्ता असेल तर खर्च त्यातून वसूल करता येई. म्हणजे आजार तुमचा, पण कामकाज कोर्टकचेरीचं!

1946 च्या भोर समितीने हिशोब मांडला. भारतात साधारण 40,000 लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती, इंग्लंडमध्ये 300 लोकांमागे एक. समितीसाठी रुग्णालयं पाहणाऱ्या कर्नल मूर टेलर यांचा शेरा आणखी बोचरा होता: इथल्या बहुतेक इमारती माणसाला डांबून ठेवण्यासाठी बांधल्या आहेत, बरं करण्यासाठी नाहीत.

पुढे खाटा वाढल्या. ठाण्यात 1,850 झाल्या. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. दरम्यान 1950 च्या दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आली आणि स्किझोफ्रेनियाचे अनेक रुग्ण घरी राहून सावरू लागले. माझ्या मते पैशाने तेव्हाच दिशा बदलायला हवी होती. पण राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला 1982 मध्ये आणि जिल्हा पातळीवरचा 1996 मध्ये. तोवर घरी राहणाऱ्या रुग्णाला गावाजवळ गोळ्या मिळणं हे बहुतेक नशिबावरच होतं.

आता कायदा वेगळा आहे, आणि हे तुम्हाला माहीत असायला हवं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील आणि बेघर रुग्णांना तिथे एक पैसाही द्यावा लागत नाही. रुग्णाला स्वतःहून दाखल होता येतं. निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याने नेमलेली व्यक्ती अर्ज करते, दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात, आणि ही भरती आधी जास्तीत जास्त 30 दिवसांची असते. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला तिथे ठेवून घेता येत नाही.

कैद्यांचाही विचार कायद्याने केलाय. प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय सरकारने उभारायची आहे. पहारा लागणारच, पण त्या पहाऱ्याच्या आत उपचार हवेत.

ठाणे-मुलुंडमधल्या नव्या स्टेशनसाठी याच रुग्णालयाच्या जमिनीचा तुकडा घेतलाय. जमिनीला भाव आला की लगेच बोलणी होतात, इथे डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक किती लागतील हे मात्र कुणी विचारत नाही.

आणि ठाण्याला जायचीही गरज दर वेळी नसते. झोप उडालीय, भास होताहेत, जीव नकोसा वाटतोय, तर 14416 या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.