मांडावरचे मुसळ : इंत्रुजातील एका नृत्याची कुळकथा

गोव्याच्या कार्निव्हलचे नाव निघाले की बेळगाव-निपाणीकडील आपल्या समाजात दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. कोणी म्हणतो, तो फिरंग्यांचा सण, आपला त्याच्याशी काय संबंध? कोणी म्हणतो, ती प्रवाशांसाठी मांडलेली करमणूक, तिला इतिहास कसला? ह्या दोन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत असे आम्हांस वाटते. कारण ह्याच सणाच्या पोटात एक असे नृत्य टिकून राहिले आहे, की त्याचा माग घेत गेल्यास वाट लिस्बनकडे जात नाही. ती आपल्या खानापूर तालुक्यातील हलशीपाशी येऊन पोचते.

प्रथम सणाचे नाव पाहू. गोमंतकातील ख्रिस्ती मंडळी ह्यास ‘इंत्रुज’ म्हणतात. पोर्तुगीज ‘एंत्रुदु’ शब्दाचे हे कोंकणी रूप असून त्याचा मूळ अर्थ ‘प्रवेश’, म्हणजे उपवासाच्या काळात प्रवेश, असा आहे. ईस्टरपूर्वीचे व्रत राखेच्या बुधवारी सुरू होते आणि त्याच्या आदल्या दिवसांत खाणेपिणे, सोंगे, गाणी व नाच ह्यांना मोकळीक असते. पोर्तुगीज अमदानीत पिठाच्या पुड्या एकमेकांवर फेकण्याची चाल होती. शिमग्यात गुलाल उधळणाऱ्या आपल्या लोकांना तीत परके असे काय वाटावे?

काळाचे नातेही लक्षात घेण्यासारखे आहे. ईस्टर हा वसंतातील पौर्णिमेनंतरचा रविवार. त्याच्या ४७ दिवस आधी कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार येतो. हिशेब केला असता हा मंगळवार अमावास्येच्या आसपास पडतो, आणि बहुतेक वर्षी ती अमावास्या माघातील असते. २०२३ साली महाशिवरात्र १८ फेब्रुवारीस होती, तर हा मंगळवार २१ फेब्रुवारीस. २०२६ साली ह्याच तिथी अनुक्रमे १५ आणि १७ फेब्रुवारीस आल्या. २०२४ सारख्या एखाद्या वर्षी मात्र दोहोंत तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडते. तरीही साधारणपणे शिवरात्र, इंत्रुज आणि शिमगा एकामागोमाग एक येतात. शेतीची कामे उरकलेला, अंगणे सुकलेली, रात्री आल्हाददायक असलेला हा काळ. माणसाचे पाय नाचासाठी आपोआप उचलावेत असा.

आता साष्टी महालातील चांदर गावाकडे वळू. हे प्राचीन चंद्रपूर. भोज राजांच्या ताम्रपटात त्याचे नाव येते आणि पुढे गोव्याच्या कदंबांनी ते आपली राजधानी केले. अकराव्या शतकात राजधानी गोपकपट्टणास हलली व चंद्रपुराचे वैभव ओसरले. १९२९ साली फादर हेरास ह्यांनी येथे उत्खनन केले. शिर तुटलेला पाषाणाचा नंदी आजही त्या जागी बसलेला आहे. ह्याच कदंबांचे दुसरे राजस्थान म्हणजे पलाशिका, आपली हलशी. बनवासीच्या आद्य कदंबांच्या ताम्रपटांतही तिचे नाव आहे. हलशीच्या भूवराह-नरसिंहाच्या देवळात उभे राहणाऱ्या भाविकाने हे ध्यानी ठेवावे, की सह्याद्रीच्या ह्या अंगाची हलशी आणि त्या अंगाचे चांदर ही एकाच राजकुळाची दोन घरे होत.

ह्या चांदरात कार्निव्हलच्या दिवसांत ‘मुसळ खेळ’ होतो. खेळणारे पुरुष ख्रिस्ती आहेत, पण आपली घराणी क्षत्रियांची असल्याचे ते अभिमानाने सांगतात. सोमवारी रात्री ते पारंपरिक पोशाख करून मांडावर जमतात, हातातील लाकडी मुसळे तालावर भूमीवर आपटीत गातात आणि वाड्यातून घरोघर फिरतात. त्यांच्या जुन्या वळणाच्या कोंकणी गीतांत हरिहर राजाचे नाव येते. विजयनगरच्या सत्तेने शत्रूवर मिळविलेल्या जयाचा हा उत्सव, असे परंपरा सांगते. तो जय नेमका कोणता, ह्याचा निवाडा गीतावरून होणार नाही. परंतु कार्निव्हलच्या रात्री, पाद्र्यांच्या गावात, विजयनगरच्या राजाचे नाव गायिले जाते ही गोष्टच पुरेशी बोलकी नाही काय?

मुसळाविषयी आमच्या वाचकांस अधिक सांगणे नलगे. लग्नाआधी घाणा भरताना उखळ-मुसळाची पूजा करून सुवासिनी गाणी म्हणतात, तेव्हा धान्य कांडण्याचे ते साधन मंगलाचे चिन्ह होते. चांदरच्या मांडावरही त्याने शस्त्राचे आणि वाद्याचे काम एकदम पत्करले आहे.

हे नृत्य टिकले कसे, हा खरा प्रश्न. साष्टी १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले आणि १५६७ साली साष्टीतील देवळांचा विध्वंस झाला. त्या धामधुमीत आपल्या पूर्वजांनी काय केले, हे आपणांस पाठ आहे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. तेव्हा फोंडा महाल आदिलशाहीत होता. पोर्तुगीजांचा अंमल तेथे बसला तो थेट १७६३ साली. देवांबरोबर कित्येक कुटुंबे निघाली आणि काही घाट चढून आपल्या ह्या मुलखात स्थिरावली.

जे मागे राहिले त्यांचे देव गेले, नावे गेली. १६८४ च्या हुकुमाने त्यांनी तीन वर्षांत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान निघाले. १७३६ च्या आज्ञापत्राने लग्नातल्या ओव्याही निषिद्ध ठरल्या. इन्क्विझिशन कायमचे उठले ते १८१२ साली. एवढ्या काळात जुने गीत कोठे लपवावे? सत्तेने ज्या तीन दिवसांत सोंगाढोंगाची मोकळीक ठेवली होती, तेच आश्रयाला आले. परक्यांच्या पंचांगाने आपल्यांच्या नाचाला जागा दिली, असा आमचा तर्क आहे. आपण देव पालखीत घालून नेले. त्यांनी जे उरले ते पायांत जपले. ह्या दोन स्मृतींत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचा अधिकार कोणास आहे?

गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि त्या मोहिमेची सैन्ये बेळगावात जमली होती हे येथील वृद्धांना ठाऊक आहे. १९६५ पासून पणजीत राजा मोमोची मिरवणूक निघू लागली. हा मोमो ग्रीकांच्या उपहासदेवतेच्या नावाचा, ब्राझीलच्या कार्निव्हलात १९३० च्या दशकात राजा झालेला. चित्ररथ आले, पर्यटन खात्याचा आश्रय आला. शिमग्यालाही हेच वळण लागले. पुढे यंत्रांनीही नाच शिकविण्यास आरंभ केला : १९९८ साली जपानच्या कोनामी कंपनीने ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आणि २००९ साली फ्रान्सच्या युबिसॉफ्टने ‘जस्ट डान्स’ हा खेळ काढला. पडद्यावरील नर्तकाप्रमाणे, कधी कार्निव्हलच्या थाटाच्या गाण्यावर, खेळणाऱ्याने हातपाय हलवावेत आणि यंत्राने गुण द्यावेत, अशी ही रचना. बेळगावातील एखादे मूल घरी बसून रिओचा सांबा नाचू शकते.

ह्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. नाच नेहमीच पाहून शिकला जातो. चांदरचे मूलही बापाच्या पायांकडे पाहूनच शिकते. फरक आहे तो मांडाचा. मांड म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. तेथे प्रथम नमन होते, कोणी कोठे उभे राहावे हे ठरलेले असते, आणि चुकलेल्या पावलाचा हिशेब गुणांत न होता वडीलधाऱ्यांच्या नजरेत होतो. पडदा पाऊल देतो. त्या पावलाचे कूळ तो देऊ शकत नाही. चित्ररथावरील नाचाचीही तीच उणीव.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपली मंडळी दरवर्षी कुलदेवतेच्या दर्शनास फोंड्यास जातात. एखाद्या वर्षी इंत्रुजाच्या सोमवारी त्यांनी चांदरची वाट धरावी. आपला हक्क सांगण्यासाठी नव्हे, वा कोणाचा धर्म शोधण्यासाठीही नव्हे. मांडाच्या कडेला उभे राहून ऐकावे. जी भाषा कानी पडेल ती घरातील आजीच्या तोंडची असेल, आणि भूमीवर पडणाऱ्या मुसळाचा ताल घाण्याच्या गाण्यातून पूर्वी कधी तरी ऐकल्यासारखा वाटेल.