ॲक्सिअम-४ मोहिमेतील संशोधन व शैक्षणिक उपक्रम

ॲक्सिअम-४ ही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेली खासगी अंतराळवीर मोहीम होय. ॲक्सिअम स्पेस या अमेरिकी कंपनीने आखलेल्या या मोहिमेत ३१ देशांशी संबंधित सुमारे ६० वैज्ञानिक प्रयोग व उपक्रम हाती घेण्यात आले. मोहिमेचे प्रक्षेपण २५ जून २०२५ रोजी फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रावरून झाले. १५ जुलै रोजी ड्रॅगन यान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत प्रशांत महासागरात उतरले.

पार्श्वभूमी

अशा मोहिमांत कंपनी प्रवासाची व्यवस्था करते आणि स्थानकावरील सुविधांसाठी नासाला शुल्क देते. या मोहिमेच्या वेळी नेतृत्व नासाच्या माजी अंतराळवीराकडे असावे, अशी अट होती. २०२२ मधील ॲक्सिअम-१ चे तीन प्रवासी स्वखर्चाने गेले होते. ॲक्सिअम-४ मध्ये मात्र कमांडर पेगी व्हिट्सन वगळता अन्य तिघे आपापल्या देशांच्या शासकीय कार्यक्रमांतून गेले: भारताचे शुभांशु शुक्ला (वैमानिक), पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू. या तिन्ही देशांचे पहिले अंतराळवीर अनुक्रमे १९८४, १९७८ व १९८० मध्ये सोव्हिएत यानांतून गेले होते. शुक्ला हे स्थानकावर पोहोचलेले पहिले भारतीय ठरले.

संशोधन

इस्रोने भारतीय संस्थांचे सात प्रयोग निवडले होते.

* मूग व मेथीच्या बियांचे सूक्ष्मगुरुत्वातील अंकुरण (धारवाड येथील संस्था).
* पिकांच्या बियांवरील परिणाम. या बिया परतल्यावर पृथ्वीवर पेरून पुढील पिढ्यांचा अभ्यास करायचा होता.
* स्नायूंच्या पुनर्निर्मितीवर सूक्ष्मगुरुत्वाचा परिणाम. दीर्घ प्रवासात अंतराळवीरांचे स्नायू क्षीण होतात.
* टार्डिग्रेड या अतिसूक्ष्म प्राण्यांची तग धरण्याची क्षमता व प्रजनन.
* खाद्य सूक्ष्मशैवालांची वाढ.
* नीलहरित जीवाणूंची युरिया व नायट्रेट वापरून होणारी वाढ.
* इलेक्ट्रॉनिक पडद्यांच्या वापराचा डोळ्यांच्या हालचालींवर व आकलनावर होणारा परिणाम.

यांखेरीज नासा व इस्रो यांचे पाच संयुक्त प्रयोग होते. पोलंडच्या 'इग्निस' कार्यक्रमात १३ प्रयोगांचा समावेश होता, तर हंगेरीच्या 'हुनोर' कार्यक्रमात फळमाशांवरील प्रयोग करण्यात आला.

शैक्षणिक उपक्रम

नासा व इस्रो यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी कक्षेतील दोन प्रात्यक्षिके आखली होती. शुक्ला यांनी विद्यार्थ्यांशी दृक्‌श्राव्य संवाद साधला, तसेच हौशी रेडिओवरून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. स्थानक एका ठिकाणाच्या आकाशातून सुमारे दहा मिनिटांत निघून जात असल्याने रेडिओ संवादात प्रश्न आधीच ठरवून क्रमाने विचारावे लागतात. पाण्याच्या तरंगत्या गोलाद्वारे पृष्ठताणाचे प्रात्यक्षिकही दाखवण्यात आले.

मर्यादा व महत्त्व

स्थानकावरील वास्तव्य सुमारे १८ दिवसांचे असल्याने मंद गतीने घडणाऱ्या जैविक बदलांचा पूर्ण अभ्यास तेथे शक्य नव्हता. त्यामुळे अंतराळात अंकुरण किंवा वाढ घडवून नमुने जतन करणे आणि विश्लेषण प्रयोगशाळेत करणे, अशी अनेक प्रयोगांची रचना होती. मानवी शरीरावरील निरीक्षणे मोजक्या व्यक्तींवरच आधारित असल्याने त्यांतून सर्वसाधारण निष्कर्ष काढण्यासाठी पुढील मोहिमांची माहिती जोडावी लागते. भारताने या मोहिमेवर सुमारे ५५० कोटी रुपये खर्च केले. प्रयोगांची उपकरणे सुरक्षाविषयक निकषांवर उतरवणे, कक्षेत ती हाताळणे आणि नमुने परत आणणे यांचा अनुभव गगनयान कार्यक्रमासाठी उपयुक्त मानला जातो.