बेहडा: फाशांपासून त्रिफळ्यापर्यंत

नागपुरात सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातले विद्यार्थी वहीत ‘बिभीतक’ लिहितात. त्याच भागातल्या बुधवार बाजारात मराठी माणूस ‘बेहडा’ मागतो आणि हिंदी बोलणारा ‘बहेडा’. फळ एकच, त्रिफळ्यात हिरडा-आवळ्याच्या जोडीला बसणारं. हे तीन उच्चार म्हणजे एकाच शब्दाच्या प्रवासातले तीन मुक्काम आहेत.

ऋग्वेदात हा शब्द ‘विभीदक’ असा येतो, आणि तोही जुगाराच्या संदर्भात. दहाव्या मंडलातल्या ३४व्या सूक्तात जुगारी आपली दैना सांगतो, तिथे हा शब्द पहिल्याच ऋचेत आहे. सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणापुढे पापाची कारणं मांडतो, त्यात सुरा आणि क्रोध यांच्या पंगतीला विभीदकही बसला आहे. कारण बेहड्याचं टणक फळ हाच तेव्हाचा फासा. मूठभर फळं उचलायची आणि चार-चार करून मोजायची. बाकी शून्य आली तर ‘कृत’, तीन उरली तर ‘त्रेता’, दोन उरली तर ‘द्वापर’ आणि एकच उरलं तर ‘कलि’, म्हणजे हार. युगांची नावं या डावांवरूनच पडली.

अमरकोशात या झाडाची नावं वाचली की तो सगळा इतिहास समोर येतो. ‘अक्ष’ म्हणजे फासा, ‘कर्षफल’ म्हणजे कर्षभर, सुमारे १२ ग्रॅम वजनाचं फळ. ‘भूतावास’ आणि ‘कलिद्रुम’ या नावांत मात्र भीती आहे. महाभारतातली कलीची कथा तर विदर्भाच्या जावयाचीच, नलाची. राजा ऋतुपर्णाचा रथ हाकत नल विदर्भाकडे येत होता. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याची पानं-फळं क्षणात मोजून सांगितली. त्याच्याकडून अक्षविद्या मिळताच नलाच्या अंगातला कलि बाहेर पडला आणि त्याच झाडात शिरला.

पुढे ‘द’चा ‘त’ झाला. मग वैद्यांनी ‘बिभीतक’ची फोड ‘रोगाचं भय घालवणारा’ अशी केली. ऋग्वेदातला ‘द’ पाहिला की ती नंतर जुळवलेली वाटते. पण बदनाम झाडाला तिने मान मिळवून दिला.

बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणाच्या एकाच सूत्रात ‘हरिद्रा’ आणि ‘बिभीतक’ यांतल्या इकाराचा अकार सांगितला. त्याच वाटेने हरिद्रेची हळद झाली आणि बिभीतकाचा ‘बहेड’. हिंदीने तो जवळपास तसाच ठेवला. मराठीने ‘ए’ पहिल्या अक्षरावर आणून ‘बेहडा’ केला. हा शब्द पश्चिमेकडेही गेला: फारसीत ‘बलीला’, अरबीत ‘बलीलज’, आणि तिथून वनस्पतिशास्त्रात ‘टर्मिनॅलिया बेलिरिका’. युनानी हकिमांचं ‘इत्रीफल’ हे तर आपलं त्रिफळाच.

लाकडाच्या बाबतीत बेहड्याला सागाची सर नाही. पिवळट, राखाडी, किडीला लवकर बळी पडणारं हे लाकूड पाण्यात मुरवून खोक्यांना, फळ्यांना वापरतात. त्याचं मोल आहे फळात. वाळलं की त्याला पाच कंगोरे उमटतात. औषधाला वरची साल घेतात आणि आतली कठीण बी टाकून देतात.

मला वाटतं, शब्दाचंही तसंच झालं. भूतावास, कलिद्रुम ही नावं कोशात राहिली. लोकांनी तोंडी ठेवलं ते खोकल्याला, पोटाला रोज लागणाऱ्या औषधाचं नाव. शब्द टिकतो तो असा, गरजेच्या बळावर.