दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे निवासी प्रशिक्षण

पोटावर मोठा छेद न देता, सहसा ५ ते १२ मिलिमीटरच्या छिद्रांतून दुर्बीण व लांब दांड्याची हत्यारे आत घालून करायच्या शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. भारतात तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढले. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाशी संलग्न राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

खरी अडचण हाताची. छिद्र हा टेकू ठरतो, म्हणून मूठ डावीकडे नेली की हत्याराचे टोक उजवीकडे सरकते. पडद्यावरचे चित्र सपाट, त्यामुळे खोलीचा अंदाज चुकतो. ऊतीचा स्पर्शही बोटांना पुरता कळत नाही. हे रुग्णावर शिकणे गैर, म्हणून आधी सरावपेटी. एका नेहमीच्या सरावात डाव्या हाताच्या चिमट्याने खुंटीवरचे रबरी कडे उचलायचे, अधांतरी उजव्या चिमट्यात द्यायचे आणि पलीकडच्या खुंटीवर बसवायचे. अशी सहा कडी, मग उलट फेरी. डावखुऱ्यांनी हात बदलावेत. पुढे जाळीच्या कापडावर आखलेले वर्तुळ कापणे. सर्वांत चिवट काम म्हणजे आतल्या आत टाका घालून गाठ मारणे. महागडे सिम्युलेटर नसले तरी खोके, कॅमेरा आणि जुनी हत्यारे यांवर हा पाया पक्का होतो. शस्त्रक्रियागृहात निवासी डॉक्टर प्रथम कॅमेरा धरतो. हे काम दुय्यम समजले जाते, ते चूक आहे: चित्र हलले की शल्यविशारदाचा हात थांबतो.