शिंपल्यांची साक्ष

आज बँकेतली एक जुनी गोष्ट सांगतो, पण मुद्दा शिंपल्यांचा आहे.

१९८३ साली मी मुरगाव तालुक्यात, जुवारी नदीकाठच्या एका शाखेत होतो. ओहोटीला नदीत उतरून खुबे, तिसऱ्या काढून विकणाऱ्या एक बाई आमच्या कर्जदार. एकदा आल्या आणि म्हणाल्या, "सायबा, उदक बरें ना." वाळू सुटावी म्हणून पाण्यात ठेवलेले खुबे तोंडच उघडत नव्हते, पुष्कळसे मरत होते. तीन हप्ते पुढे ढकलावेत, एवढीच विनंती. मी विचारलं, "लेखी पुरावा काय?" तो नव्हता. अर्ज मीच नामंजूर केला.

खरं तर पुरावा त्यांच्या टोपलीत होता. शिंपला पाणी आत ओढून कल्ल्यांनी गाळतो, त्यातूनच त्याला श्वास आणि अन्न मिळतं. पाण्यात काही वाईट आलं की तो झडपा मिटून घेतो. १९७५ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी शिंपले तपासून समुद्राच्या प्रदूषणावर नजर ठेवावी, अशी कल्पना मांडली. १९८६ पासून तिथल्या सरकारी खात्याने ते काम चालवलं. मात्र त्यात शिंपल्याचं मांस प्रयोगशाळेत न्यावं लागे.

पुढे युरोपात जिवंत शिंपल्याच्या कवचावरच हलके सेन्सर चिकटवू लागले. फ्रान्समध्ये आर्काशोंला बोर्दो विद्यापीठाचे संशोधक कालवांच्या झडपांची उघडझाप अशीच नोंदवतात. पोलंडच्या वॉर्सा शहरात नदीतून पिण्याचं पाणी घेतात, तिथे आठ शिंपले पहाऱ्यावर असतात. बरेचसे एकदम मिटले की धोक्याचा इशारा जातो. म्हणजे बाई जे हाताने ओळखत होत्या, ते आता आकड्यांत मिळतं.

तेव्हा सेन्सर नव्हते, हे मान्य. पण १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था नदीपलीकडे दोनापावलालाच होती. एक पत्र टाकून विचारावं, हे काही मला सुचलं नाही. बाईंनी गळ्यातलं मोडून हप्ते भरले. माझ्या वहीत खातं चोख राहिलं, मनात मात्र अजून थकीत आहे.

तुमच्या घरी कोणी खुबे, शिनाणे काढत असतील, तर पाणी बिघडलेलं ते कसं ओळखत, हे जरूर लिहा. निदान आता तरी लेखी राहू दे.