सागरतळाचे भूशास्त्र : वाट निराळी, जागा मोजक्या

भूशास्त्र म्हटले की हातोडा, होकायंत्र आणि सह्याद्रीचा कातळ डोळ्यांसमोर येतो. सागरी भूशास्त्रात मात्र अभ्यासाचा कातळ काही हजार मीटर पाण्याखाली असतो. ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून तळाचा नकाशा काढावा लागतो आणि जहाजावरून पोलादी नळी सोडून गाळाचे नमुने वर आणावे लागतात. त्या गाळाच्या थरांत हजारो वर्षांपूर्वीच्या मान्सूनच्या खुणा सापडतात.

१९६६ मध्ये स्थापन झालेली, गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे या संशोधनाचे प्रमुख केंद्र. १९८१ मध्ये 'गवेषणी' जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून बहुधात्विक गोळे वर काढले. त्यांत मँगनीजबरोबरच निकेल, तांबे व कोबाल्ट असते. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा गोळ्यांच्या शोधाचे हक्क आज भारताकडे आहेत. मात्र व्यावसायिक उत्खनन अद्याप सुरू झालेले नाही आणि तळावरील जीवसृष्टीच्या हानीवरून जगभर वाद आहे. केवळ या खनिजांच्या भरवशावर करिअर बेतणे शहाणपणाचे नाही.

बारावी विज्ञाननंतर भूशास्त्रात बीएस्सी करून एमएस्सीला सागरी भूशास्त्र घेता येते. कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि मंगळूर विद्यापीठ ही त्यासाठी परिचित नावे. साध्या भूशास्त्रातील एमएस्सीही चालते. गणित व भौतिकशास्त्र टाळण्यासाठी इकडे वळणाऱ्यांची मात्र निराशा होते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भरती संघ लोकसेवा आयोगाच्या भू-वैज्ञानिक परीक्षेतून होते. या खात्याच्या सागरी विभागाचे मुख्यालय मंगळूरला असून 'समुद्र रत्नाकर' हे सर्वेक्षण जहाज त्याच्याकडे आहे. 'मुंबई हाय'सारख्या क्षेत्रांमुळे ओएनजीसी, तसेच समुद्राखालील केबल, तेलवाहिन्या व बंदरांसाठी तळाची पाहणी करणाऱ्या खासगी कंपन्या हेही पर्याय आहेत. संशोधन संस्थांत कायम पदे थोडी. पुष्कळांची सुरुवात प्रकल्पापुरत्या नेमणुकीने होते. सीएसआयआर-नेटमधील फेलोशिप मिळाल्यास पीएचडीची वर्षे आर्थिकदृष्ट्या सुसह्य होतात.

आणखी एक बाब माहितीपत्रकात सहसा नसते : मोहिमेत आठवडेच्या आठवडे किनारा दिसत नाही, पाळ्या रात्रीच्याही असतात आणि बोट लागण्याचा त्रास पदवी पाहून होत नाही. शक्य असल्यास एमएस्सीचा प्रकल्प जहाजावर नमुने गोळा करणाऱ्या संस्थेत करावा. नोकरीचा अर्ज भरण्यापूर्वी समुद्र सोसतो की नाही, हे तेथेच कळते.